घरच्या गोंगाटात ध्यानाला बसताय? या चुका टाळा

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात दहा दिवसांचं शिबिर करून आलेली माणसं घरी रोज बसायचं ठरवतात. तिथे फोन जमा असतो, मौन असतं. घरी कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडीचं गाणं आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल. काही दिवसांत बसणं सुटतं आणि खापर आवाजावर फुटतं. खरं तर आवाज असतानाही बसता येतं.

पहिली चूक म्हणजे घर शांत होण्याची वाट पाहणं. निवासी भागासाठी दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबल आहे. हमरस्त्यालगत राहणाऱ्यांना ती किती पाळली जाते हे सांगायला नको. आहे त्या आवाजात दहा मिनिटं बसा. तासभराचा हट्ट नंतर.

आवाज कानावर आला की ध्यान मोडलं, असं समजू नका. कान आहेत, तर ऐकू येणारच. हॉर्नने दचकलात तर तो शरीराचा स्वभाव आहे. धडधड ओसरू द्या, मग लक्ष पुन्हा नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर आणा. मन बिघडतं ते पुढच्या विचारांनी: ‘यांना कळत नाही का, सोसायटीत तक्रार केली पाहिजे.’ तिथे ‘राग आलाय’ एवढं ओळखा आणि परत या. शंभरदा परतावं लागलं तरी तोच सराव आहे.

सगळ्यात अवघड असतं ते बोलणं. रहदारीची घरघर मागे पडते, पण शेजारच्या खोलीतली मालिका किंवा फोनवरचं संभाषण नाही, कारण भाषा कळते आणि मन गोष्टीमागे धावतं. ‘ऐकायचंच नाही’ म्हणत जोर लावलात की आणखी ऐकू येतं. त्यापेक्षा पंखा लावा. त्याच्या एकसुरी आवाजात शब्द पुसट होतात. तरी शब्द आलेच, तर अर्थ सोडून फक्त आवाजाचा चढउतार ऐका, मग श्वासाकडे वळा.

हेडफोनवर संगीत लावून बसण्याची सवय मी तरी लावून घेणार नाही. मग संगीताशिवाय बसवत नाही. शिवाय पाळण्यातलं बाळ रडलं तर ते ऐकू यायला हवं.

फोन सायलेंटवर ठेवून मांडीशेजारी ठेवू नका, थरथर लक्ष खेचतेच. तो दुसऱ्या खोलीत ठेवा, वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ घ्या.

मुलांवर ‘गप्प बसा’ म्हणून ओरडून ध्यानाला बसणं हे तर फारच वाईट. घरच्यांना आधी सांगा: अमुक वेळ मी बसतोय, दूधवाला आला तर दार तू उघड. आणि गॅसवर काही ठेवून बसू नका.

लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर डोळे उघडे ठेवून श्वास पाहा, बॅग मांडीवर घ्या. स्कूटर चालवताना मात्र हा प्रयोग अजिबात नको. आणि आवाजात बसल्यावर घाबरल्यासारखं वाटू लागलं, तर ओढून बसू नका. डोळे उघडा, उठून पाणी प्या. असं वरचेवर होत असेल तर शिकवणाऱ्यांशी किंवा डॉक्टरांशी बोला.