मेंदूच्या आवरणांची चाचणी आणि मॉडेलिंग: या चुका टाळा

मेंदूची तीन आवरणं: बाहेर ड्यूरा, मध्ये अरॅक्नॉइड, आत पिया. इथवर कुणाचं चुकत नाही. गडबड होते ती या आवरणांचा कडकपणा मोजताना किंवा संगणकावर त्यांचं मॉडेल उभं करताना.

सगळ्यात महागात पडते ती ड्यूराला एकच आकडा चिकटवण्याची सवय. ड्यूरात मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू असतात आणि ताण नसताना ते नागमोडी असतात. ड्यूराची कापलेली पट्टी मशीनवर ओढायला लागलं की आधी हे तंतू सरळ होतात, तोवर भार फारसा वाढत नाही. मग भाराचा आलेख एकदम चढतो. या आलेखाचा उतार म्हणजेच कडकपणा; तो कुठल्या टप्प्यावर काढला यावर उत्तर कितीतरी पटींनी बदलतं, तेव्हा तो टप्पा नोंदवलाच पाहिजे. ओढण्याचा वेगही नोंदवा. झटक्यात ओढलेला ड्यूरा जास्त कडक वाटतो, आणि ताणून तसाच धरला तर भार हळूहळू उतरतो. डोक्याला मार बसण्याच्या मॉडेलमध्ये संथ चाचणीतला आकडा घालणं म्हणूनच चुकीचं.

आकडे विचित्र येत असतील तर मशीनला दोष देण्याआधी नमुना पाहा. तो वाळला असेल तर कडक झालेला असणार. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला असेल तर कोलॅजनचे रेणू एकमेकांना जोडले गेलेले असतात. तो आकडा जिवंत माणसाच्या ड्यूराचा म्हणून वापरू नका. कडकपणा उलट कमी दिसतोय? मग पट्टी धरणाऱ्या मशीनच्या जबड्यांवर संशय घ्या. ओली पट्टी पकडीतून सरकते आणि मशीन मात्र जबड्यांमधलं अंतर वाढतंय एवढंच पाहतं. स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत ताणलं जाण्याचं प्रमाण) फुगतो, कडकपणा घसरतो. पट्टीच्या मधल्या भागावर बारीक ठिपके देऊन कॅमेऱ्याने त्यांच्यातलं अंतर मोजा. पट्टी जबड्याच्या कडेलाच फाटली असेल तर ती ताकदीच्या हिशोबात धरू नये.

आकृत्यांमध्ये तिन्ही थरांमध्ये छान मोकळी जागा दाखवतात. खरी मोकळी जागा अरॅक्नॉइडच्या खाली, जिथे मेंदूभोवतीचं पाणी (CSF) असतं. कवटीत ड्यूरा हाडाला चिकटलेला असतो, शिवणींपाशी, म्हणजे कवटीची हाडं जुळतात तिथे, तर घट्ट. त्यामुळे कवटी आणि ड्यूरा यांच्यामध्ये साठलेलं रक्त भिंगाच्या आकाराचं होतं आणि सहसा शिवणीपाशी अडतं. ड्यूराखालचं रक्त शिवण ओलांडून चंद्रकोरीसारखं पसरतं, कारण तिथला पेशींचा थर कमकुवत असतो आणि सहज सुटतो. पाठीच्या कण्यात चित्र वेगळं: ड्यूराबाहेर चरबी आणि शिरांची खरीच जागा असते. कवटीचं मॉडेल तिथे उचलून ठेवू नका.

अरॅक्नॉइड आणि पिया यांच्यामध्ये नुसतं पाणी धरलं की मॉडेलमधला मेंदू वाटेल तसा घसरतो. प्रत्यक्षात तिथे बारीक तंतूंचं जाळं आणि रक्तवाहिन्या असतात. दोन्ही थर पक्के चिकटवून टाकले तर मेंदू हलतच नाही, ही दुसरी टोकाची चूक.

पातळ म्हणून ड्यूरा वगळणारेही भेटतात. मेंदूचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात, ड्यूराचा अनेक मेगापास्कल. म्हणजे हजारो पटींचा फरक. फाल्क्स (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पडदा) आणि टेन्टोरियम (मोठा आणि लहान मेंदू यांच्यामधला पडदा) या ड्यूराच्याच घड्या, आणि त्या गाळल्या तर मेंदूचं आडवं हलणं अवाच्या सवा दिसतं. किलोपास्कल आणि मेगापास्कल या दोन एककांची सरमिसळ झाली तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, शांतपणे चुकीचं उत्तर देतं. मॉडेल चालवण्याआधी तेवढं एकदा तपासा.