सीसी पाहून ऑटोमॅटिक निवडताय? या चुका टाळा

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "किती सीसी?" ऑटोमॅटिकच्या बाबतीत पहिली चूक इथेच होते. गिअरबॉक्सला सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार, कळत नाही; त्याच्यावर ताण येतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा.

ह्युंदाई क्रेटाच घ्या. तिची तिन्ही इंजिनं दीड लिटरची. साध्या पेट्रोलचा टॉर्क 144 न्यूटन मीटर, त्याला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स. डिझेलचा 250, त्याला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून जोर पोचवणारा). टर्बो पेट्रोलचा 253, त्याला सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा). सीसी तेवढेच, पण गिअरबॉक्स तीन जातींचे. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह घ्याल ती जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घ्यायचाय त्याच जोडीची घ्या. पेट्रोल चालवून डिझेल बुक करू नका.

ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, हाही जुना समज. 2021च्या फॉर्च्युनर डिझेलमध्ये मॅन्युअलला 420 न्यूटन मीटर मिळतात, ऑटोमॅटिकला 500. थार पेट्रोलमध्येही मॅन्युअलला 300 आणि ऑटोमॅटिकला 320.

साधं पेट्रोल आणि सीव्हीटी ही जोडी भरल्या गाडीनिशी खंबाटकी घाट चढते तेव्हा इंजिन ओरडतं आणि वेग मात्र हळूहळू वाढतो. लोक घाबरून "गिअरबॉक्स घसरतोय" म्हणत गॅरेज गाठतात. बहुतेकदा तो बिघाड नसतो. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क 4500 आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास मिळतो, म्हणून सीव्हीटी इंजिनाला तिथे नेऊन ठेवतो. डिझेलला तोच जोर 1500पासून मिळतो, त्यामुळे ते शांत चढतं. शंका असेल तर सपाट रस्त्यावर ताशी 80च्या वेगाने, हलक्या पायाने गाडी चालवा. वेग स्थिर असताना आरपीएमचा काटा वर-खाली डोलत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डिझेल ऑटोमॅटिकला ट्युनिंग बॉक्स, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारी बाहेरची डबी, लावणं. ती टाळावी म्हणून मी गिऱ्हाइकांशी अक्षरशः वाद घालतो. इंजिन किती टॉर्क देतंय हे इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सांगत असतो. त्या आकड्यावरून आतल्या क्लच प्लेटांवर ऑइलचा दाब किती द्यायचा ते ठरतं. ट्युनिंग बॉक्स सेन्सरच्या सिग्नलमध्ये फेरफार करून जास्त डिझेल सोडायला लावतो, पण सांगितला जाणारा आकडा जुनाच राहतो. म्हणजे टॉर्क वाढतो, दाब वाढत नाही आणि प्लेटा घसरू लागतात. सुरुवातीला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोरात दाबल्यावर आरपीएम उडतो, गाडी मागे राहते. पुढे ऑइल काळं पडतं, जळका वास येतो. आरपीएम असा उडायला लागला की त्याच दिवशी बॉक्स काढा आणि ऑइल तपासून घ्या. ड्युअल क्लचमध्ये तर टॉर्क वाढवायला मोकळी जागा आणखी कमी. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (त्यांचा ड्युअल क्लच) 250 न्यूटन मीटरपर्यंतचा आहे आणि तायगुनचं 1.5 टीएसआय इंजिन कंपनीतूनच 250 देतं. वाढवायला जागाच नाही.

जुन्या बाजारातला गिअरबॉक्स बसवताना "मॉडेल तेच आहे" एवढ्यावर विसंबू नका. बाहेरून सारखा दिसला तरी पेट्रोल आणि डिझेलच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर, गिअरचं प्रमाण आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग वेगळं असू शकतं. डिझेल साडेचार हजार आरपीएमच्या आसपास दमतं, पेट्रोल सहा हजारांच्या पुढे जातं. पेट्रोलचा गिअरबॉक्स डिझेलला जोडला, तर गिअर भराभर संपतात आणि हायवेवर इंजिन विनाकारण चढं राहतं. उलट जोडलं तर पेट्रोल गाडी उठतच नाही, सारखी गिअर खाली-वर करत बसते. गिअरबॉक्सवरच्या पट्टीवरचा कोड आपल्या गाडीच्या जुन्या गिअरबॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुळला नाही तर पैसे देऊ नका.

ऑइलचंही तसंच. सीव्हीटीत साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलं तर पट्टा आणि पुली खराब होतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला.