जपानी लष्करी तलवार घेताय? मग या चुका टाळा

जुन्या तलवारी जमवणाऱ्यांना आपल्याकडे एक सवय लागलेली असते आणि जपानी तलवारीच्या बाबतीत नेमकी तीच नडते. मराठा किंवा राजपूत तलवारीची मूठ राळ-लाखेने पात्यावर पक्की बसवलेली असते. ती काढायची तर तापवावी लागते, त्यामुळे शहाणा माणूस त्या फंदात पडत नाही. पाते, परज (मूठ आणि पाते यांमधला आडवा भाग), म्यान बघायचे आणि भावाला बसायचे. जपानी तलवारीची मूठ मात्र उघडता यावी अशीच बनवलेली असते. बांबूची एक खुंटी (मेकुगी), क्वचित दोन, एवढ्यावरच ती थांबलेली असते. खुंटी काढायची, डाव्या हातात मूठ धरून पाते किंचित तिरपे उभे ठेवायचे आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोसे द्यायचे. पाते सैल होऊन वर येते. हातोडी लागत नाही.

मुठीत दडलेल्या त्या शेपटाला नाकागो म्हणतात. तलवारीचा सातबारा तोच. आपला ग्राहक तोच मागायला विसरतो. विक्रेता म्हणतो, 'मूठ जाम आहे, उघडत नाही.' खऱ्या तलवारीतही असे होते, हे खरे. पण मग भावही न बघितलेल्या मालाचाच द्यायचा.

नाकागोवर नुसता गंज बघून खूश होणे

गंज म्हणजे जुनेपणा, हा समज नकली बनवणाऱ्यालाही ठाऊक असतो. आम्ल लावून आणलेला गंज भगवट, भुकटीसारखा, बोटाला लागणारा असतो. खरा गंज बसलेला, तपकिरी असतो, आणि त्याखाली कानशीचे एका दिशेने ओढलेले व्रण दिसतात. ग्राइंडरचे वेडेवाकडे ओरखडे दिसले तर तलवार खाली ठेवा. दुसरे म्हणजे हिशेब करा. नाकागोवर 'शोवा १८' कोरलेले असेल (शोवा हा जपानी सम्राटाच्या राज्यकाळावरून मोजलेला शक) तर १८ मध्ये १९२५ मिळवा, १९४३ येते. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत मुठीच्या आत लोखंड कितीसे काळे होणार? त्या काळातल्या कित्येक तलवारींचे नाकागो अजून फिक्या तपकिरी रंगाचेच आहेत. १९४३ ची तारीख आणि पाचशे वर्षांचा काळाकुट्ट गंज एकत्र दिसला, तर कोणीतरी जास्त उत्साह दाखवला आहे.

उलट चूकही होते. नाकागोवर छोटा शिक्का दिसला की काहीजण 'नकली' म्हणून मोकळे होतात. सेकी या तलवारींच्या गावाचा शिक्का, शोवाचा शिक्का, नौदलाच्या तोयोकावा कारखान्याचा नांगर, हे सगळे खऱ्या तलवारींवर सापडतात. त्यांचा अर्थ एवढाच की पाते बहुधा परंपरागत पद्धतीने घडवलेले नाही. तारा उमटवलेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो लष्कराने मान्यता दिलेल्या लोहारांच्या कामावर येतो.

अधिकाऱ्याची आणि हवालदाराची तलवार एकाच मापाने मोजणे

हा घोळ सर्वांत महाग पडतो. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत. त्यामुळे कोणी कारखान्याचे पाते घेई, तर कोणी घरातले शेकडो वर्षांपूर्वीचे पाते लष्करी साजात बसवून घेई. तिथे विविधता असणारच. टाइप ९५ ही मात्र हवालदार वगैरे हुद्द्यांसाठी सरकारने दिलेली, यंत्रावर बनलेली तलवार. तिच्यात 'वेगळेपण' म्हणजेच धोक्याची घंटा. पात्यावर परजेजवळ अनुक्रमांक असतो, म्यानावरही तोच असायला हवा, शिवाय तपासनिसांचे बारीक शिक्के. मूठ आधी तांब्याची, मग ॲल्युमिनियमची, दोरीचे वेटोळे वाटावे अशी रंगवलेली. युद्धाच्या शेवटी तर साधी लाकडी. ती खुंटीने नव्हे, स्क्रूने बसवलेली असते.

माझी पहिली टाइप ९५ चकचकीत पितळी मुठीची होती. मला ती देखणी वाटली. वर्षभराने दुसऱ्या एका विक्रेत्याच्या फोटोत तशीच तलवार दिसली, त्याच अनुक्रमांकाची. माझी आता कपाटाच्या तळाशी असते. नवख्यांना दाखवायला तिच्याइतकी उपयोगी वस्तू माझ्याकडे दुसरी नाही. सांगायचे म्हणजे, पैसे देण्याआधी तो क्रमांक इंटरनेटवर जरूर शोधा.

एक विक्रेता मला ९५ म्हणजे १८९५ असे छातीठोकपणे सांगत होता. हे आकडे जपानच्या शाही कालगणनेतले आहेत. २५९४, २५९५, २५९८ ही वर्षे म्हणजे १९३४, १९३५ आणि १९३८. त्यांतल्या शेवटच्या दोन आकड्यांवरून टाइप ९४, ९५ आणि ९८ (९४ आणि ९८ अधिकाऱ्यांच्या). घोडदळाची टाइप ३२ मात्र मेइजी या शोवाच्या आधीच्या शकातल्या ३२ व्या वर्षावरून, म्हणजे १८९९ ची.

पात्याच्या लाटेला भुलणे

धारेलगतची पांढरी लाट म्हणजे हामोन. पात्यावर मातीचा लेप देऊन धार वेगळी कडक केल्याने ती उमटते. नकली पात्यावर ती आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढतात. दिव्याखाली पाते हळूहळू फिरवा. खऱ्या हामोनच्या कडेला धुक्यासारखी उजळ रेघ सरकताना दिसते, खोटा पट्टा चुना फासल्यासारखा निर्जीव राहतो. टोकाजवळची आडवी रेघ (योकोते) नुसती खरवडलेली आहे की तिथे खरोखर पैलू बदलतो, हे नखाने कळते. कारखान्याच्या पात्यावर ड्रॅगन कोरलेला असेल तर पुढचे काही बघूच नका.

साजावरची चेरीची फुले रेखीव हवीत. फुले वितळलेल्या मेणासारखी बोथट दिसली तर ती कशाचा तरी साचा काढून ओतलेली असतात. परजेलगतच्या चकत्यांवर जुळणारे आकडे सापडले तर चांगली खूण. मुठीवरची दोरी बघा, एक वेटोळे डावे वरून तर पुढचे उजवे वरून जाते. नकलीत सगळी एकाच बाजूने. दोरीखालच्या माशाच्या कातडीचे दाणे लहान-मोठे असतात, प्लॅस्टिकचे एकसारखे.

तलवारीऐवजी गोष्ट विकत घेणे

'आजोबांनी बर्माहून आणली.' हे खरे असू शकते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, आणि १९४५ मध्ये ब्रिटिश सेनानी जनरल स्लिम यांनी जपानी सेनाधिकाऱ्यांना त्यांच्याच सैन्यासमोर तलवारी खाली ठेवायला लावल्या. पण बटालियन खरी म्हणून तलवार खरी होत नाही. आजोबांचा फोटो, पत्र, सेवापुस्तक काही आहे का ते विचारा. शरणागतीच्या वेळी तलवारीला बांधलेल्या चिठ्ठ्याही नकली मिळतात.

'थेट जपानमधून आलेली टाइप ९५' हे तर मला फारच संशयास्पद वाटते. जपानच्या १९५८ च्या कायद्यानुसार कलामूल्य असलेल्या, परंपरागत घडवलेल्या तलवारींचीच नोंदणी होते. कारखान्यातल्या यंत्रनिर्मित पात्याची होत नाही, त्यामुळे ती तिथे घरात ठेवताच येत नाही. तिकडून खरोखर घडवलेले पाते घेत असाल तर जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेल्या एनबीटीएचके या संस्थेचे प्रमाणपत्र मागा. आणि मागवण्याआधी आपल्या इथला शस्त्र अधिनियम, १९५९ बघा, परवान्याशिवाय आयात करून कस्टममध्ये तलवार अडकली तर खरी काय अन् खोटी काय.

घरी आणल्यावर पाते पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. नाकागोला मात्र काहीही लावू नका, घासू तर नकाच. पितळ चमकवण्याच्या पावडरीने नाकागो लख्ख केलेली एक खरी तलवार मी पाहिली आहे. ती खरी आहे हे आता कोणालाच पटवता येत नाही.