कऱ्हेचं पाणलोट आखताना या चुका टाळा

कऱ्हा नदीच्या पाणलोटाचा, म्हणजे जिथलं पाणी वाहत तिला येऊन मिळतं त्या सगळ्या क्षेत्राचा, नकाशा काढायला बसलं की हात आपोआप पुरंदर तालुक्याच्या हद्दीवरून फिरतो. नेमकी तिथेच गफलत होते. सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत ही नदी सोनगावजवळ नीरेला मिळते. तालुका तिच्या निम्म्या वाटेतच संपतो. पाणलोटाची हद्द डोंगराचा माथा ठरवतो. दिवे घाट चढून वर आलात की मागे वळून बघा. पायथ्याशी मस्तानी तलाव दिसतो, तिकडचं पाणी मुळा-मुठेला. सासवडकडच्या उताराचं पाणी कऱ्हेला. दोन्हीकडचं पाणी पुढे भीमेतच जातं, पण वाटा वेगळ्या. दक्षिणेला हेच काम पुरंदर किल्ल्याची रांग करते, तिच्यापलीकडे नीरेचं खोरं.

सगळ्यात जास्त घोळ समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा. १:५०,००० च्या टोपोशीटवर (चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर) शेजारच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषेचं टोक चढाकडे वळलं असेल तर तो ओढा, उताराकडे वळलं असेल तर ती डोंगराची सोंड. हे उलटं वाचलं की तुमची हद्द ओढ्याच्या पोटातून जाते. पडताळा सोपा आहे: हद्दीने निळ्या रेषेला (नकाशावरच्या नदी-ओढ्याला) एकाच ठिकाणी छेद द्यायला हवा, जिथून सगळं पाणी बाहेर पडतं तिथे. दुसरीकडे कुठे छेद गेला, तर खोडून मागच्या माथ्यावर या.

ते बाहेर पडायचं ठिकाण आधी पक्कं करा. जेजुरीजवळच्या नाझरे धरणापर्यंतचं पाणलोट आणि सोनगावच्या संगमापर्यंतचं पाणलोट यांत फार मोठा फरक आहे.

कालव्याला आणि उपसा योजनेला पाणलोटात धरू नका. पुरंदर उपसा सिंचनाचं पाणी मुळा-मुठेतून उचलून आणलेलं असतं, ते कऱ्हेच्या उतारावर पडलेलं नाही. आणि डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवायचा.

संगणकावर हद्द काढत असाल तर बारामतीकडच्या सपाट भागात जपा. दर ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची देणाऱ्या डेटात रस्त्याचा भराव बंधाऱ्यासारखा आडवा येतो, मोरी मात्र दिसत नाही, आणि ओढा भलतीकडे वळतो. टोपोशीटवरचे ओढे आधी त्या डेटात कोरून घ्या, म्हणजे ओढ्याच्या रेषेवरची उंची कमी करा, मग प्रवाह काढा. तरीही शंका उरलीच, तर त्या शिवारात जाऊन विचारा: पावसात या बांधाचं पाणी कुठल्या ओढ्याला लागतं?