कितोमधील ‘कापिया देल ओम्ब्रे’ पाहण्याची पूर्वतयारी

इक्वेडोरचे चित्रकार ओस्वाल्दो ग्वायासामिन (१९१९–१९९९) यांनी राजधानी कितोच्या बेयाविस्ता टेकडीवर उभारायला घेतलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये खुले झालेले ‘कापिया देल ओम्ब्रे’ (माणसाचे प्रार्थनामंदिर) हे संग्रहालय अँडीज पर्वतप्रदेशातील प्राचीन मंदिरांच्या धर्तीवर दगडात बांधलेले आहे.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून निघणाऱ्याने प्रथम उंचीचा विचार करावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, तर कितो सुमारे २,८५० मीटरवर. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी टेकडी चढण्याचा उत्साह आवरून विश्रांती घ्यावी आणि भरपूर पाणी प्यावे. तेथे अमेरिकी डॉलर चालतो. व्हिसाचे नियम आणि संग्रहालयाच्या वेळा निघण्यापूर्वी तपासाव्यात.

आत शिरल्यावर भिंतींवरील चित्रांकडे धावण्याआधी मध्यभागी थांबून वर पाहावे. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिरात छताचे दगडी कमळ पाहताना मान जशी आपोआप वळते, तसेच येथे होते. मात्र येथील घुमटात बोलिव्हियातील पोतोसीच्या चांदीच्या खाणींत राबवलेल्या मजुरांचे चित्र आहे, आणि चित्रकाराच्या निधनामुळे ते अपूर्णच राहिले. खाली मानवी हक्कांसाठी ज्योत तेवत असते. घाईने छायाचित्रे काढत फिरणाऱ्याला येथे फारसे काही गवसणार नाही, असे माझे मत आहे.

शेजारचे ग्वायासामिन यांचे राहते घरही पाहावे. तेथे त्यांनी जमवलेल्या कोलंबसपूर्व वस्तू आहेत. त्याच आवारातील एका झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत.