टी. वाय.च्या वर्गात क्वांटम शिकवायला लागताना

नेट किंवा सेट झाली, तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली आणि विभागप्रमुखांनी "टी. वाय.चं (बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचं) क्वांटम तुम्ही घ्या" असं सांगितलं, अशा नव्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बरीच वर्षं मी नाशिकमध्ये बी. एस्सी.च्या मुलांना क्वांटम मेकॅनिक्सची थिअरी शिकवते आणि प्रॅक्टिकलच्या बॅचही घेते. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असण्याची संधी सगळ्यांना मिळत नाही. मिळाली तर सोडू नका. नाही मिळाली तर प्रॅक्टिकल घेणाऱ्या सहकाऱ्याशी दर आठवड्याला बोलत राहा. या विषयाचं खरं नुकसान तिथेच होतं. वर्गात श्रोडिंजरचं समीकरण चालू असतं, लॅबमध्ये h ची, म्हणजे प्लांकच्या स्थिरांकाची, किंमत काढणं चालू असतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिली अडचण टाइमटेबलची. प्रयोगांची सायकल लागते, त्यामुळे एखादी जोडी पहिल्याच आठवड्यात फ्रँक-हर्ट्झला (अणूच्या ऊर्जापातळ्या दाखवणाऱ्या प्रयोगाला) बसते आणि दुसरीच्या वाट्याला तो शेवटी येतो. ऊर्जापातळ्या वर्गात शिकवून होईपर्यंत निम्म्या मुलांचा प्रयोग उरकलेला असतो. यावर मी असं करते: पहिले दोन तास वर्गात घेतच नाही. सगळी बॅच डार्करूममध्ये नेते आणि फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन निघण्याचा, प्रयोग सगळ्यांसमोर मांडते. सिलॅबसमधला इतिहासाचा भाग तिथेच होऊन जातो. हर्ट्झला 1887 मध्ये हा परिणाम दिसला, लेनार्डने 1902 मध्ये त्याची मोजमापं केली, आइन्स्टाइनने 1905 मध्ये समीकरण दिलं. आणि मिलिकनला ते समीकरण मुळीच पटलेलं नव्हतं, तरी त्यानेच वर्षानुवर्षं काम करून 1916 मध्ये ते अचूक ठरवलं. मिलिकनची ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. न पटणाऱ्या गोष्टीचंही प्रामाणिकपणे मोजमाप करता येतं, हे त्यांना लॅबच्या पहिल्या दिवशी कळायला हवं.

प्रयोग सुरू करण्याआधी मी एकच प्रश्न विचारते आणि उत्तर वहीत लिहून घेते. दिवा 20 सेंटिमीटरवरून 40 सेंटिमीटरवर नेला, तर सॅच्युरेशन करंटचं (निघालेले सगळे इलेक्ट्रॉन गोळा झाल्यावरच्या करंटचं) काय होईल आणि स्टॉपिंग पोटेन्शियलचं (इलेक्ट्रॉन पूर्ण थोपवणाऱ्या उलट व्होल्टेजचं) काय होईल? बारावीला हा धडा पाठ केलेली मुलंही इथे बिचकतात. "मॅडम, प्रकाश कमी झाला तर इलेक्ट्रॉनचा जोर पण कमीच होणार ना?" असं कोणीतरी विचारतंच. "आधी वहीत लिही, मग बघू." मग दिवा मागे सरकवायचा. करंट साधारण चौथ्या हिश्शावर येतो, स्टॉपिंग पोटेन्शियल जागचं हलत नाही. आपलं लिहिलेलं चुकलं हे ज्या मुलाला मीटरवर दिसतं, त्याला पुढे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, समजावायला वेगळा तास लागत नाही. अंदाज न लिहिता नुसतं पाहिलं तर तोच मुलगा "हो, बरोबर आहे" म्हणून पुढे जातो.

आता हाच प्रयोग जरा जवळून बघू, कारण नवीन शिक्षकाची खरी परीक्षा इथे होते. बहुतेक लॅबमध्ये या प्रयोगातून h कमी येतो आणि जर्नलमध्ये त्याचं कारण "ह्यूमन एरर" म्हणून लिहिलं जातं. तो शब्द मी जर्नलमध्ये चालू देत नाही. कारणं शोधली की सापडतात. पाऱ्याच्या दिव्याची हिरवी रेषा 546 नॅनोमीटरची आणि निळी 436 ची. hc (h गुणिले प्रकाशाचा वेग) म्हणजे 1240 इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर हे लक्षात ठेवलं, तर या दोन रेषांच्या स्टॉपिंग पोटेन्शियलमध्ये सुमारे 0.57 व्होल्टचा फरक यायला हवा, हे तोंडी सांगता येतं. फरक त्याहून बराच कमी आला तर हिरवा फिल्टर तपासा. त्यातून थोडाही निळा प्रकाश गळत असेल, तर सगळ्यात जोरदार इलेक्ट्रॉन त्या निळ्यामुळेच निघतात. मग "हिरव्या"चं स्टॉपिंग पोटेन्शियल वर सरकतं, आलेखाचा उतार कमी होतो आणि h सुद्धा कमी येतो. काही कॉलेजांत पाऱ्याच्या दिव्याऐवजी साधा बल्ब आणि रंगीत काचा असतात. तिथे काचेवर छापलेली तरंगलांबी म्हणजे एक रुंद पट्टा असतो, आणि मोजमाप ठरतं ते त्या पट्ट्याच्या निळ्या कडेवर.

दुसरी गोष्ट रिव्हर्स करंटची. व्होल्टेज वाढवत गेलं की करंट शून्यावर थांबत नाही, थोडा उणे होतो आणि तिथे स्थिरावतो. मुलं घाबरून मीटर बदलून मागतात. मीटर ठीकच असतो. कॅथोडवरचा पदार्थ हळूहळू अॅनोडवर बसतो, प्रकाश अॅनोडवरही पडतो आणि तिथूनही इलेक्ट्रॉन निघतात. त्यामुळे करंट जिथे शून्याला छेदतो तो बिंदू म्हणजे खरं स्टॉपिंग पोटेन्शियल नव्हे, ते थोडं पुढे असतं. उणे भागातली रीडिंगही घ्यायला लावा आणि वक्र ती सपाट रेषा सोडून कुठे वर उचलतो ते आलेखावर बघायला सांगा. हा अर्धा तास मी कधीच कापत नाही.

आणखी एक व्यवहाराची सूचना. लाइट गेली की पाऱ्याचा गरम दिवा लगेच पेटत नाही, तो थंड होईपर्यंत थांबावं लागतं. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मुलांना संध्याकाळची एसटी गाठायची असते. म्हणून बॅच सुरू व्हायच्या आधीच दिवा लावून ठेवा आणि रीडिंगची संख्या कमी ठेवा. चार रेषांची नीट घेतलेली रीडिंग पुरतात.

या प्रयोगावरून काय सिद्ध होतं, हे मात्र जपून सांगा. "यावरून फोटॉन सिद्ध झाला" असं आपण सहज बोलून जातो. 1969 मध्ये विलिस लॅम आणि मार्लन स्कली यांनी दाखवलं की, प्रकाश जुन्या पद्धतीने लहरच मानला आणि फक्त धातूमधल्या इलेक्ट्रॉनला क्वांटमचे नियम लावले, तरी आइन्स्टाइनचं ते समीकरण निघतं. एकच फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दोन्ही वाटांनी एकाच वेळी सापडत नाही, याचा सरळ पुरावा ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांच्या 1986 च्या प्रयोगाने दिला. यातल्या अॅलन आस्पेंना 2022 चं नोबेल मिळालं. टी. वाय.च्या सगळ्याच मुलांना हे पेलणार नाही, पण वर्गात दोन-तीन जणांचे डोळे चमकतात, त्यांच्यासाठी सांगा.

लेझर आणि दोन फटींचा प्रयोग दाखवून "बघा, हे क्वांटम" असंही म्हणू नका. तो पट्टा समजवायला यंगचं लहरींचं गणित पुरेसं आहे. क्वांटम दिसतं ते एकेक कण सोडल्यावर. टोनोमुरा यांच्या गटाने 1989 मध्ये इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, आधी पडद्यावर विखुरलेले ठिपके उमटले आणि हळूहळू त्यांतूनच पट्टे तयार झाले. तो व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावा आणि मधेच थांबवून विचारा, पुढचा ठिपका कुठे पडेल? त्याच तासात मॅक्स बॉर्नची संभाव्यता आणा. |ψ|² म्हणजे काय (कण कुठे सापडेल याची संभाव्यता), हे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी पाहिलेलं असेल.

कॉलेजात इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनची ट्यूब असेल तर तुमचं काम सोपं झालं. ग्राफाइटच्या पातळ थरातून गेलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर दोन कडी काढतात. व्होल्टेज 3 वरून 5 किलोव्होल्ट केलं की कडी आकसतात. "वेग वाढला, तरंगलांबी घटली" हे वाक्य मुलं स्वतःच बोलतात. 5 किलोव्होल्टला तरंगलांबी सुमारे 0.017 नॅनोमीटर येते. ग्राफाइटमधली 0.213 आणि 0.123 नॅनोमीटरची अंतरं मोजपट्टीने मोजलेल्या व्यासांवरून बऱ्यापैकी जवळ येतात. फक्त सप्लाय बंद केल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, ही ताकीद दर बॅचला द्या.

फ्रँक-हर्ट्झबद्दल थोडक्यात. मूळ प्रयोग 1914 चा, पाऱ्याच्या वाफेतला, 4.9 इलेक्ट्रॉनव्होल्टचा. आपल्याकडच्या सेटमध्ये बहुधा आर्गॉनची ट्यूब असते, ती तापवावी लागत नाही. शिखरांमधलं अंतर साडेअकरा व्होल्टच्या आसपास येतं. पहिल्या शिखराच्या व्होल्टेजलाच उत्तेजन ऊर्जा मानण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जोडी करते. इलेक्ट्रोडमधल्या कॉन्टॅक्ट पोटेन्शियलमुळे सगळा वक्र एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून नेहमी दोन शिखरांमधला फरक घ्यायचा. हे त्यांना सांगून टाकू नका. पहिलं शिखर आणि नंतरचे फरक शेजारी-शेजारी लिहायला लावा, प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

एलईडीवरून h काढण्याचा प्रयोग स्वस्त आहे, म्हणून सगळीकडे चालतो. ठेवा, पण त्याला अंदाजाचा प्रयोग म्हणा. डायोड नेमका कुठल्या व्होल्टेजला "सुरू" होतो हे ठरवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं आणि त्यातून दहा-पंधरा टक्के फरक सहज पडतो. पांढरा एलईडी तर घेऊच नका. आत निळा एलईडी असतो आणि वर फॉस्फर. 2019 पासून h ची किंमत 6.62607015 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद अशी व्याख्येनेच ठरलेली आहे, किलोग्रॅम त्यावर बेतला आहे. म्हणजे आपण लॅबमध्ये खरं तर आपल्या उपकरणाची आणि आपल्या पद्धतीची परीक्षा घेतो. हुशार मुलांना हा मुद्दा फार आवडतो.

आता थिअरी. इथे गणिताची भीती हीच मुख्य अडचण आहे, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. इंटिग्रेशन मुलं करतात. उत्तराचा आकार त्यांना कळत नाही. म्हणून पोटेन्शियल बॉक्स (कण अडकवलेली काल्पनिक पेटी) शिकवला की लगेच आकडे घालायला लावते. 1 नॅनोमीटर रुंदीच्या बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनची पहिली पातळी 0.376 इलेक्ट्रॉनव्होल्ट, दुसरी चौपट. तिथून खाली उतरताना सुटणारा प्रकाश सुमारे 1100 नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. बॉक्स अर्धा केला तर ऊर्जा चौपट होते, तरंगलांबी 275 नॅनोमीटर, म्हणजे थेट अतिनील. "रुंदी कमी केली तर रंग बदलतो" हे एकदा आकड्यांत पाहिलं की क्वांटम डॉटवर (आकारानुसार रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर) वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

काही गैरसमज दर वर्षी भेटतात. टनेलिंग करून, म्हणजे ऊर्जा अपुरी असतानाही अडथळा पार करून, पलीकडे गेलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी झाली, असं मुलांना वाटतं, कारण पुस्तकातल्या चित्रात ψ ची उंची पलीकडे कमी दाखवलेली असते आणि त्याच आकृतीत ऊर्जेची रेषाही काढलेली असते. दोन्ही एकाच अक्षावर काढू नका, फळ्यावर दोन वेगळे आलेख करा. स्टेशनरी स्टेटमधला (ठरलेल्या ऊर्जेच्या अवस्थेतला) कण स्थिर बसलेला असतो, हा दुसरा. अनिश्चितता ही उपकरणाच्या धसमुसळेपणामुळे येते, हा तिसरा, आणि तो काढायला सगळ्यात अवघड. त्यावर मला एकच उपाय सापडला आहे. वेगवेगळ्या रुंदीचे वेव्ह पॅकेट काढून त्यांचं फूरिए रूप शेजारी दाखवायचं आणि मोजमापाचा शब्दही न काढता Δx आणि Δp समोर ठेवायचे.

यासाठी कॉम्प्युटर लॅब लागतेच असं नाही. माझ्या वर्गात बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नसतो, पण मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पायथन चालतं. श्रोडिंजरचं समीकरण तुकड्यांत मांडलं की एक मॅट्रिक्स तयार होते आणि तिचे आयगेनव्हॅल्यू, म्हणजे इथे ऊर्जापातळ्या, संगणक काढून देतो. प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा. आधी साधा बॉक्स, मग दोन खड्डे जवळजवळ. मधली भिंत बारीक केली की प्रत्येक पातळी फुटून जोडी होते. अमोनियाच्या रेणूत हीच जोडी असते, तिची वारंवारता सुमारे 24 गिगाहर्ट्झ, आणि त्यावरच 1954 मध्ये टाउन्सचा मेसर (लेझरचा मायक्रोवेव्हमधला भाऊ) चालला. केमिस्ट्रीच्या मुलांनाही या तासाला बोलवा.

"क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये करिअर आहे का?" हा प्रश्न आता दर वर्षी येतो. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये नॅशनल क्वांटम मिशनला मंजुरी दिली, 6,003.65 कोटी रुपयांची, आणि त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. मुलांना हे सांगा, आणि त्यासोबत लिनिअर अल्जिब्रा पक्का करायला सांगा. पुढे एम. एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना स्पिन हाफचे दोन जादा तास द्या. 1922 चा स्टर्न-गेर्लाख, म्हणजे चुंबकातून जाताना अणूंचा झोत दोन भागांत फुटतो तो प्रयोग, आपल्या लॅबमध्ये होणार नाही, पण कागदावर तीन चुंबक मागेपुढे ठेवून "मधला काढला तर?" एवढं विचारलं तरी तास पुरत नाही.

तोंडी परीक्षेत सूत्र विचारू नका. मुलाचाच आलेख त्याच्यासमोर ठेवा आणि यातलं कुठलं रीडिंग तुला पटत नाही, असं विचारा. जर्नल स्वतः लिहिलेलं आहे की उतरवलेलं, ते तिथल्या तिथे कळतं. आणि नवीन उपकरणांचं कोटेशन मागवायची वेळ येईल तेव्हा दोन गोष्टी आधी विचारा: फ्रँक-हर्ट्झच्या सेटमध्ये प्रत्येक ग्रिडचं व्होल्टेज वेगळं बदलता येतं का, आणि फोटोसेलला झाकण आहे का. प्रयोग नसताना फोटोसेल अंधारातच राहायला हवा, तो खिडकीसमोर उघडा पडून राहिला तर कॅथोडची झीज होते. लॅबमधल्या मामांना हे कारणासकट सांगितलं की ते आपल्यापेक्षा जास्त काळजी घेतात.