कुत्र्या-मांजरांच्या घरी कोणती काटेरी वेल?

कोणी आत शिरू नये म्हणून चिऱ्यांच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) काचा रोवण्यापेक्षा काटेरी वेल चढवणं केव्हाही बरं. पण घरात कुत्रा-मांजर असेल तर आधी विष बघायचं, मग काटे.

माझं मत बोगनवेलीला. गोव्याचं ऊन तिला मानवतं, फक्त पावसात मुळाशी पाणी तुंबू देऊ नका. ती जबर विषारी नाही. चीक अंगाला लागला तर खाज सुटू शकते, खरा त्रास काट्यांचाच. तिला स्वतःहून भिंत धरता येत नाही, म्हणून गडग्याला तार ओढून फांद्या बांधाव्या लागतात. जमिनीपासून दोनेक फूट बुंधा मोकळा ठेवा, म्हणजे हुंगायला गेलेल्या कुत्र्याच्या डोळ्यात काटा जाणार नाही. छाटणीनंतर खाली पडलेली प्रत्येक काडी उचला. पंजात मोडलेला काटा हीच या वेलीची नेहमीची तक्रार.

वेली गुलाबही प्राण्यांना सुरक्षित, पण आपल्या पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. हौस असेल तरच. वेलीचा हट्ट नसेल तर करवंदाची जाळी लावा. वाढायला वेळ घेते, पण एकदा दाटली की माणूस आत शिरत नाही, आणि मे महिन्यात करवंदं मिळतात ती वेगळीच.

काटे दिसले म्हणून घाणेरी किंवा काटेरी युफोर्बिया मात्र आणू नका, दोन्ही विषारी. गडग्यावर आपोआप चढलेली गुंजेची वेल तर मुळासकट उपटा. तिच्या लाल-काळ्या बिया चावल्या गेल्या तर जीवावर बेततं, जनावराच्याही आणि पोराच्याही.